आळीपाळीचे दिवे

बसा मुलांनो. तारा, सेल, दिवे असं सगळं टेबलावर मांडून ठेवलं आहे. पण त्याला हात लावण्याआधी एका तांब्याच्या वाटीची गोष्ट ऐका.

घरोघर घड्याळं येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधला जायचा तो घटिकापात्रावर. पातळ पत्र्याची अर्धगोल वाटी आणि तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळात पाणी भरून ही वाटी त्यावर अलगद तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत झिरपत राहतं आणि वाटी खाली खाली जाते, इतक्या सावकाश की पाहणाऱ्याला ते जाणवतही नाही. मात्र काठ पाण्याला टेकला की क्षणाचाही उशीर नाही. वाटी गडप! याला लागायची 24 मिनिटं, म्हणजे एक घटका. अशा 60 घटकांचा एक दिवस आणि एक रात्र. वाटी बुडाली की जोशीबुवा ती बाहेर काढायचे, पाणी ओतून टाकायचे आणि पुन्हा तरंगत ठेवायचे.

बराच वेळ गुपचूप भरत राहायचं आणि मग एकदम बुडायचं, हे या वाटीचं वागणं नीट ध्यानात ठेवा. आज आपण जे दोन दिवे लुकलुकवणार आहोत, त्यांच्या जोडणीत अशाच दोन वाट्या लपलेल्या आहेत. तुमच्या छातीतही अशी एक आहे. तिथवर आपण जाणारच आहोत.

आता सामान बघा. बीसी 547 नावाचे दोन ट्रान्झिस्टर, दोन लाल एलईडी, 330 ओहमचे दोन रेझिस्टर (त्यांच्यावर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात), 47 किलोओहमचे दोन (पिवळा, जांभळा, नारिंगी), 22 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, तीन पेन्सिल सेल बसतील असा डबा आणि भोकाभोकांचा ब्रेडबोर्ड. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एकाच दुकानात मिळतं. गावात असाल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला विचारा. तो कपॅसिटरला कंडेन्सर म्हणेल. वस्तू तीच.

“आजोबा, नऊ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी आहे ना घरात, ती नाही चालणार?” धाकटी विचारते आहे. प्रश्न चांगला आहे. जोडणी समजली की उत्तर तुझं तुलाच सापडेल, म्हणून जरा थांब.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असा तो धरा. डावीकडून पहिला पाय कलेक्टर, मधला बेस, तिसरा एमिटर. दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरांत हा क्रम वेगळा असू शकतो, म्हणून नंबर वाचूनच घ्या. दोन्ही ट्रान्झिस्टर बोर्डावर शेजारी शेजारी, थोडं अंतर सोडून बसवा. एकाला डावा म्हणू, दुसऱ्याला उजवा. दोघांचेही एमिटर सेलच्या ऋण टोकाला जोडा. धन टोकापासून 330 ओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे दिव्याचा लांब पाय, आणि दिव्याचा आखूड पाय डाव्याच्या कलेक्टरला. उजवीकडेही तसंच. मग धन टोकापासून 47 किलोओहमचा एक रेझिस्टर डाव्याच्या बेसला आणि दुसरा उजव्याच्या बेसला.

राहिले कपॅसिटर. ते तिरके बसतात. एक डाव्याच्या कलेक्टरपासून उजव्याच्या बेसपर्यंत, दुसरा उजव्याच्या कलेक्टरपासून डाव्याच्या बेसपर्यंत. त्यांच्या अंगावर एका बाजूला वजाच्या खुणांची पट्टी असते. पट्टीकडचा पाय नेहमी बेसला आणि दुसरा कलेक्टरला. हे उलटं करू नका, उलटा बसवलेला असा कपॅसिटर बिघडतो. आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: हा खेळ सेलवरच खेळायचा. भिंतीतल्या प्लगशी याचा काडीचाही संबंध येऊ द्यायचा नाही.

सेल बसवा. डावा लागला, विझला. उजवा लागला, विझला. पुन्हा डावा. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धा सेकंद.

आता आत काय चाललंय ते पाहू, आणि इथं मी घाई करणार नाही. ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये चिमूटभर वीज गेली की कलेक्टरकडून एमिटरकडे जाणारी मोठी वाट उघडते आणि दिवा लागतो. पण बेसची पातळी साधारण 0.6 व्होल्टपर्यंत चढल्याशिवाय ही वाट उघडतच नाही. हा झाला वाटीचा काठ.

समजा, आत्ता उजवा उघडा आहे आणि डावा बंद. डावा बंद असल्यामुळे त्याचा कलेक्टर वर आहे, जवळजवळ 3 व्होल्टवर. तिथं कपॅसिटरचं धन टोक जोडलेलं आहे. त्याचं ऋण टोक उजव्याच्या बेसवर, 0.7 व्होल्टच्या आसपास. म्हणजे या कपॅसिटरच्या दोन टोकांत दोन व्होल्टहून जास्त अंतर साठलं आहे. आता डावा उघडतो. त्याचा कलेक्टर धाडकन शून्यापाशी येतो आणि कपॅसिटरचं धन टोक त्याच्याबरोबर खाली ओढलं जातं. कपॅसिटरमधला साठा काही क्षणात नाहीसा होत नाही, त्यामुळे दोन टोकांतलं अंतर तसंच राहतं. धन टोक शून्यावर आलं, तर ऋण टोक कुठं जाणार? शून्याच्याही खाली, उणे 2 व्होल्टपर्यंत. आणि ते टोक उजव्याच्या बेसला जोडलेलं आहे! उजवा तत्क्षणी बंद होतो. त्याचा दिवा विझतो.

म्हणजे उजव्याची वाटी रिकामी करून पुन्हा तरंगत ठेवली गेली, आणि ते काम डाव्यानं केलं. आता 47 किलोओहमच्या बारीक भोकातून वीज झिरपू लागते. उणे 2, उणे 1, शून्य... बेसची पातळी सावकाश वर चढते. अर्ध्या सेकंदानं ती 0.6 ला टेकते. उजवा उघडतो आणि उघडता उघडता त्याच्या बाजूचा कपॅसिटर डाव्याच्या बेसला खाली ढकलून देतो. आता डाव्यानं वाट पाहायची.

मला या जोडणीचं सगळ्यात जास्त काही आवडत असेल, तर ते हे. घटिकापात्राला वाटी उपसणारे जोशीबुवा लागायचे. इथं तिसरं कोणी नाही. दोघं एकमेकांची वाटी उपसतात.

धाकटे, आता तुझ्या नऊ व्होल्टचं उत्तर दे. बरोबर! सेल जितके जोरदार, तितका बेस जास्त खाली ढकलला जाणार. नऊ व्होल्टवर तो उणे 6 च्याही खाली जातो, आणि या ट्रान्झिस्टरचा बेस उलट्या दिशेनं साधारण 6 व्होल्टपर्यंतचाच ताण सोसायला बनवलेला आहे. पुष्कळ जण नऊ व्होल्टवर हे दिवे चालवतात आणि ते चालतातही, पण मला तो ट्रान्झिस्टरवर अन्याय वाटतो. आपल्या तीन सेलांच्या साडेचार व्होल्टवर तो मजेत राहतो.

थोरल्याचा प्रश्न अजून खोल आहे. दोन्ही बाजू अगदी सारख्या, तर पहिला दिवा कोणाचा? अरे, त्या सारख्या नसतातच. एकाच पिशवीतून काढलेल्या दोन बीसी 547 मधला एक बेसच्या विजेला दोनशे पटींनी वाढवतो, तर दुसरा तीनशे पटींनी. या नंबरच्या ट्रान्झिस्टरला 110 पासून 800 पटींपर्यंतची मुभा आहे. सेल जोडताच दोघंही उघडू पाहतात, एक केसभर पुढे सरकतो, आणि पुढे सरकताच शेजाऱ्याला खाली दाबतो. तो दाबला गेला की पहिला आणखी उघडतो. केसभराच्या फरकाचा निकाल डोळ्याचं पातं लवायच्या आत लागतो. कारखान्याला जर दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे बनवता आले असते, तर आपले दिवे सुरू व्हायला अडखळले असते. क्वचित दोन्ही दिवे एकदमच लागून राहतात. मग एक तार काढून पुन्हा लावायची.

आता 22 च्या जागी 100 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा. वाटी मोठी, भोक तेच. प्रत्येक दिवा अडीच सेकंदांच्या आसपास रेंगाळेल. अगदी छोटे, 0.1 मायक्रोफॅरडचे लावले तर दिवे इतक्या झपाट्यानं लागतील-विझतील की डोळ्याला दोन्ही सतत लागलेलेच दिसतील. आणि एक कोडं: डाव्याच्या कलेक्टरवरून निघणारा एकच कपॅसिटर मोठा केला, तर कोणता दिवा जास्त वेळ लागून राहील? उत्तर लगेच लावून बघायचं नाही, आधी विचार करून सांगायचं. तो कपॅसिटर उजव्याला दाबून ठेवतो, म्हणून रेंगाळेल तो डावा.

ही जोडणी पहिल्यांदा केली ती आन्री आब्राम आणि यूजेन ब्लॉक या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हता. तो यायला 1947 चा डिसेंबर उजाडावा लागला. त्यांनी काचेच्या निर्वात नळ्या वापरल्या. दिवे लावणं हा त्यांचा हेतूही नव्हता. या जोडणीच्या एका तालात दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाच्या तालांची मोठी मालिका दडलेली असते. त्या मालिकेशी ताडून अनोळखी रेडिओलहरींची कंपनसंख्या मोजता यायची. 1919 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दोघंही ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी दोघांनाही ऑशविट्झला नेलं, आणि दोघंही तिथून परत आले नाहीत. दिवे लुकलुकताना ही दोन नावं तुम्हाला माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

याच जोडणीचं एक भावंड त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलं. एकल्स आणि जॉर्डन यांनी 1918 मध्ये मधली ती वाट पाहणारी वाटीच काढून टाकली. मग ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला जोडणी बसून राहते, पुन्हा ढकलेपर्यंत हलत नाही. म्हणजे तिला लक्षात राहतं! संगणकाच्या स्मृतीची सुरुवात तिथं झाली. ती गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. आपण आज छातीकडे वळू.

हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बाल्थाझार व्हान डर पोल नावाचे शास्त्रज्ञ होते. सावकाश भरून एकदम रितं होणाऱ्या अशा तालांचा त्यांना ध्यास लागला होता. त्यांनी 1926 मध्ये या तालांचं गणित मांडलं, आणि दोनच वर्षांनी, व्हान डर मार्क या सहकाऱ्याबरोबर, हृदयाचे ठोकेही याच जातीचे आहेत असं सांगितलं. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. निऑनचे दिवे वापरून असे तीन ताल त्यांनी एकमेकांना जोडले आणि विजेवर चालणारं हृदय टेबलावर उभं केलं.

ते बरोबर होते. आपल्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक छोटा पुंजका आहे. कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यातल्या पेशीच्या आत-बाहेर विजेचं अंतर असतं, सुमारे उणे 60 मिलिव्होल्ट. पेशीच्या पडद्यातल्या बारीक वाटांनी क्षार झिरपत राहतात आणि हे अंतर हळूहळू कमी होतं. उणे 40 च्या आसपास आलं की काठ ओलांडला! विजेची लाट सुटते, हृदय आकसतं, एक ठोका पडतो. पेशी पुन्हा उणे 60 वर येते आणि झिरपणं नव्यानं सुरू होतं. मेंदूकडून येणारे ज्ञानतंतू हा वेग कमी-जास्त करतात, पण ठोका मेंदूच्या हुकमानं पडत नाही. हृदयरोपणात ते सगळे तंतू कापले जातात, तरी नवं हृदय नव्या छातीत आपलं आपण धडधडू लागतं. हात छातीवर ठेवा आणि बघा, आत्ताही भरतंय.

पण कधी कधी ही लाट वाटेत अडते. अमेरिकेत मिनिआपोलिसला डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातली जन्मजात भोकं शस्त्रक्रियेनं बंद करत. तेव्हा जगात फार थोड्या जणांना ते जमत होतं. काही मुलांमध्ये शस्त्रक्रियेनंतर विजेची वाट दुखावली जायची आणि ठोके धोकादायक ठरावेत इतके मंद व्हायचे. मग बाहेरून विजेचे हलके झटके देऊन हृदय चालतं ठेवावं लागे. त्याचं यंत्र अवजड, गाड्यावर ठेवलेलं आणि भिंतीतल्या विजेवर चालणारं. मूल बरं होऊन हिंडू-फिरू लागलं, तरी वायर पोचेल तेवढंच त्याचं जग. 31 ऑक्टोबर 1957 ला त्या भागातली वीज गेली. भिंतीवर विसंबलेल्या त्या मुलांचं काय, हा विचार करा.

रुग्णालयाची यंत्रं दुरुस्त करायला अर्ल बॅकेन नावाचे तरुण इंजिनिअर यायचे. मेडट्रॉनिक ही त्यांची छोटी कंपनी गॅरेजात चालत होती. सेलवर चालणारं काही करता येईल का, असं डॉक्टरांनी त्यांना विचारलं. बॅकेनना एका मासिकातली जोडणी आठवली. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या एप्रिल 1956 च्या अंकात, घरी बसून करणाऱ्या हौशी मंडळींसाठी, दोन ट्रान्झिस्टरांचा मेट्रोनोम दिला होता. मेट्रोनोम म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना टक-टक करून लय धरून देणारं यंत्र. आपल्या टेबलावरच्या जोडणीशी ती तंतोतंत जुळत नाही, पण कूळ एकच: सावकाश भरायचं, एकदम रितं व्हायचं. बॅकेननी त्यातला टक-टक वाजणारा स्पीकर काढून टाकला आणि ते ठोके दोन तारांवर बाहेर आणले. तळहातावर मावेल अशा ॲल्युमिनिअमच्या डबीत सगळं बसवलं. याला लागले सुमारे चार आठवडे.

आधी ती डबी एका कुत्र्यावर तपासली गेली. बॅकेनना वाटलं, आता अजून नीट बनवू, मग पुढचं बघू. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले तर एका लहान मुलाच्या अंगावर त्यांचीच डबी, आणि हृदय तिच्या तालावर चाललेलं! हातात उपाय असताना डॉक्टर थांबायला तयार नव्हते. पुढे असं यंत्र आणखी लहान होऊन छातीत कातडीखाली बसवण्याइतकं झालं. आज तुमच्या ओळखीतल्या कोणा आजी-आजोबांकडे ते असेलही. त्यांना विचारा, ते तुम्हाला खांद्याखालचा तो उंचवटा दाखवतील.

हृदयातल्या त्या पुंजक्यात हजारो पेशी असतात. प्रत्येकीची वाटी वेगळी आणि प्रत्येकीचं भोक थोडं कमी-जास्त. मग त्या सगळ्या एकदम कशा बुडतात? आता मी तुम्हाला भंडारदऱ्याला नेतो.

मे संपत आला, वळवाचा एखादा शिडकावा झाला, की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याभोवती, पुरुषवाडीला, तसेच राजमाचीच्या रानात काजवे निघतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात. काजवा म्हणजे एक भुंगेरा. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याला प्राणवायू मिळाला की प्रकाश होतो, आणि तो जवळजवळ थंड असतो. प्राणवायू केव्हा सोडायचा, हे काजव्याच्या मेंदूतला ताल ठरवतो. सुरुवातीला झाडभर नुसती विखुरलेली चमचम असते. मग एका फांदीचा मेळ बसतो, शेजारची फांदी त्यात येते, आणि बघता बघता अख्खं झाड एकदम लागतं, एकदम विझतं.

कोणी म्होरक्या इशारा देत असेल, असं बरेच दिवस मानलं जायचं. काजव्यांचे अभ्यासक जॉन बक आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ 1965 मध्ये थायलंडला गेले, काजवे पकडून बँकॉकच्या हॉटेलमधल्या अंधाऱ्या खोलीत सोडले आणि पाहत बसले. आधी दोघा-दोघांचा ताल जुळला, मग तिघांचा. म्होरक्या नव्हताच. प्रत्येक काजवा शेजाऱ्याची चमक पाहून आपला ताल किंचित सरकवत होता.

आणि याचं गणित कुठून आलं, तर हृदयातून! चार्ल्स पेस्किन यांनी 1975 मध्ये त्या पुंजक्यातली प्रत्येक पेशी म्हणजे एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर असं मानलं. म्हणजे आपलंच सामान, बघा. एक पेशी काठ ओलांडताना बाकीच्यांना जराशी वर ढकलते. जी काठाजवळ असेल ती त्या धक्क्यानं लगेच तिच्याबरोबर जाते. मिरोलो आणि स्ट्रोगाट्झ यांनी 1990 मध्ये सिद्ध केलं की अशा सारख्या पेशींनी सुरुवात कशीही केली, तरी जवळजवळ नेहमीच त्या शेवटी एकत्र येतात. काजवे असोत की पेशी, गणित तेच.

धाकटी म्हणते, आपले दिवे असं करतील का? करतील, त्यांना डोळे दिले तर. एलडीआर नावाचा एक रेझिस्टर मिळतो. अंधारात तो वीज जवळजवळ अडवून धरतो आणि उजेड पडला की वाट मोकळी करतो. आपल्याला असे दोन संच लागतील. प्रत्येक संचात डाव्या बेसच्या 47 किलोओहमच्या दोन टोकांना, त्याला समांतर, एक एलडीआर आणि त्याच्याशी ओळीत एक 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा. प्रत्येक एलडीआरचं तोंड दुसऱ्या संचाच्या डाव्या दिव्याकडे करायचं. शेजारचा डावा दिवा आधी लागला, तर त्याच्या उजेडानं आपल्या डाव्याची वाटी भराभर भरेल आणि तोही लवकर लागेल. उजवे दिवे काळ्या कागदानं झाका, नाहीतर एलडीआर भलत्याच उजेडाला भुलेल, आणि खोलीतला दिवा मालवा. कपॅसिटरवर 22 लिहिलेलं असलं तरी तो वीसेक टक्के इकडे-तिकडे असू शकतो, त्यामुळे दोन्ही संचांचे वेग आधी वेगळेच असतील. फरक थोडा असेल तर ताल जुळेल. फार असेल, तर मंद संचातले 47 किलोओहमचे दोन्ही रेझिस्टर काढून 39 किलोओहमचे लावा. त्यांचे पट्टे नारिंगी, पांढरा, नारिंगी.